बारा पॉइंट चारचा ताठा

ऑक्टोबरात रिसोड तालुक्यातल्या रिठदला सोयाबीनची मळणी सुरू झाली की गावातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू ठरते ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरमधली सगळ्यात बेभरवशाची वस्तू ठरते बॅटरी. सुडीवरची ताडपत्री काढलेली असते, मळणीयंत्र जोडलेलं असतं, मजूर चहा पिऊन बसलेले असतात, आभाळ नको तितकं भरून आलेलं असतं. अशा वेळी चावी फिरवावी आणि बॉनेटखालून एकच आवाज यावा: ‘टक्’.

पुढच्या दहा मिनिटांत ट्रॅक्टरभोवती तज्ज्ञ समिती जमते. या समितीला कुणी बोलावलेलं नसतं, पण कोरम नेहमी पूर्ण असतो.

‘‘सेल्फच नाही उचलत राजेहो.’’

‘‘बॅटरी बसली वाटते.’’

‘‘बसली कायची? रात्रभर टेप वाजत होता.’’

‘‘वायर हालवून पाय ना आधी.’’

वायर हलवली जाते. टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी पूड गरम पाण्याने धुतली जाते. मग समितीतला तरुण सदस्य, ज्याने आयटीआय केलेलं असतं किंवा करणाऱ्या मित्राकडून मल्टिमीटर आणलेला असतो, दोन्ही टोकं टेकवतो आणि जाहीर करतो, ‘‘पाय ना भाऊ, बारा पॉइंट चार दाखवते! बॅटरी चांगली हाय.’’

‘‘मंग सेल्फ काऊन नाही घेत?’’

विद्युतरसायनशास्त्रातला हा मूलभूत प्रश्न आहे आणि तो विचारणाऱ्याने विज्ञान शाखा घेतलेली असतेच असं नाही.

मल्टिमीटर खोटं बोलत नाही, तो फक्त फार सभ्य आहे. साध्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो. म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीकडून तो जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर मागतो. एवढ्या मागणीला कोणतीही बॅटरी हसतमुखाने होकार देते. ट्रॅक्टरच्या स्टार्टरची मागणी मात्र शेकड्यांनी अँपिअरची असते. बॅटरी जुनी होऊन तिच्या आतला रोध एक ओहमपर्यंत चढला, तरी मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. स्टार्टरला मात्र काही केल्या बारा अँपिअरच्या वर मिळू शकत नाहीत. तेवढ्यात सोलेनॉइड ‘टक्’ वाजतो आणि आपलं कर्तव्य संपलं असं समजतो.

पोळ्याच्या दिवशी बैल पाहावा तसा हा प्रकार. शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा. त्या दिवशी गावातला प्रत्येक बैल उमदा दिसतो, कारण त्या दिवशी त्याच्या मानेवर जू नसतं. वीजघटाचा भाराविना मोजलेला व्होल्टेज हा पोळ्याच्या दिवशीचा व्होल्टेज. जू ठेवल्यावर, म्हणजे विद्युतप्रवाह ओढायला लागल्यावर, तो किती खाली येतो हे पायरीपायरीने मोजून आलेख काढला की त्याला ध्रुवीकरण वक्र म्हणतात. आडव्या अक्षावर प्रवाह, उभ्या अक्षावर व्होल्टेज, आणि डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक रेघ. वीजघटाची सगळी कुंडली त्या उतारात असते.

बॅटरीच्या दुकानात या रेघेचे फक्त दोन बिंदू काढले जातात आणि धंद्याला ते पुरतात. लोड टेस्टर नावाचं दोन टोकांचं हत्यार बॅटरीवर दाबतात. आतल्या जाड रोधातून शंभरेक अँपिअर वाहू लागतात, हत्यार तापतं, जळका वास येतो, आणि काटा हिरव्या पट्ट्यात थांबतो किंवा लाल पट्ट्यात लोळण घेतो. गाड्यांच्या जगातला जुना दंडक असा, की बॅटरीच्या कोल्ड क्रँकिंग अँपिअरच्या, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायला ती देऊ शकते त्या प्रवाहाच्या, निम्मा भार पंधरा सेकंद टाकायचा आणि साधारण २१ अंश सेल्सिअसला व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. दुकानात पंधरा सेकंद कुणी मोजत नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरेपर्यंत दाबून धरतात. वेळ साधारण तेवढाच भरतो.

पूर्वी हे काम जास्त खोलात जाऊन होई. जुन्या बॅटऱ्यांच्या डोक्यावर डांबर असे आणि घट जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या असत. सहापैकी एकेका घटावर टोकं टेकवून ‘तिसरा सेल मेला’ असं नेमकं निदान करता येई. आता सगळं प्लॅस्टिकच्या झाकणाखाली गेलं. झाकणाची बुचं निघत असतील तर हायड्रोमीटर बुडवून आम्लाची ग्रॅव्हिटी तेवढी पाहता येते. आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी भरलेल्या इन्व्हर्टर बॅटरीत ती पूर्ण चार्जला १.२४० च्या आसपास असावी लागते. ती कमी निघाली की बॅटरीवाला मान हलवतो. ती बरोबर निघाली तरी मान हलवतो. मान हलवल्याशिवाय नवी बॅटरी खपत नाही.

या सगळ्याहून जुनी आणि लोकप्रिय पद्धत म्हणजे ठिणगीची. वायरचा तुकडा दोन्ही टर्मिनलना क्षणभर टेकवायचा आणि ठिणगीचा रंग, आवाज आणि रुबाब पाहून निकाल द्यायचा. तत्त्वतः हीसुद्धा ध्रुवीकरण चाचणीच. फक्त तिच्यातला भार जवळजवळ अनंत असतो आणि मोजमाप डोळ्यांनी होतं. अडचण एवढीच, की चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याला ठिणगी फार आवडते. बॅटरी फुटून आम्ल तोंडावर उडाल्याचे प्रकार होतात, तरीही या पद्धतीवरची श्रद्धा ढळत नाही, कारण मीटरचा आकडा एकट्याला दिसतो आणि ठिणगी सगळ्यांना दिसते.

शरीरालाच मीटर बनवण्याची ही हौस निव्वळ वऱ्हाडी मानू नये. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेले तुकडे असा ढीग रचला आणि २० मार्चला लंडनच्या रॉयल सोसायटीला लांबलचक पत्र लिहिलं. मीटर अजून जन्मायचा होता. व्होल्टाने प्रवाह बोटांनी, जिभेने आणि शेवटी कानांनी मोजला. दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून त्याने जोडणी पूर्ण केली, तेव्हा त्याला काहीतरी दाट पदार्थ रटरट शिजत असल्यासारखा आवाज आला. प्रयोग पुन्हा करण्याची त्याला फारशी इच्छा उरली नाही. ज्याच्या नावाने जग आज व्होल्ट मोजतं, त्याची मोजण्याची पद्धत कोणत्याही नीतिमत्ता समितीने मंजूर केली नसती.

रेडिओच्या काळात रिठदसारख्या प्रत्येक गावात ध्रुवीकरणाचा आणखी एक प्रयोग ओसरीवर चाले. बातम्यांच्या मध्यावर आवाज बारीक झाला की सेल काढून उन्हात ठेवायचे, दुपारनंतर परत घालायचे, आणि ते पुन्हा अर्धा तास बोलत. यात खरंच शास्त्र आहे. जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने १८६६ साली बनवलेल्या घटाचा हा कोरडा वंशज. प्रवाह ओढला की कार्बनच्या कांडीभोवती अभिक्रियेचा गाळ साचतो आणि घट दमतो. विसावा दिला की गाळ पांगतो, ऊब दिली की आतला रोध उतरतो. सेल दाताने चावण्यामागे मात्र रसायनशास्त्र कमी आणि राग जास्त होता.

हाच लेक्लांशे नंतर ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यातून भेटतो. कल्हईवाल्याच्या झोळीतला नवसागर इथे पाण्यात विरघळवलेला असतो, त्यात जस्ताची कांडी आणि सच्छिद्र मातीचं भांडं. ‘रीडिंग झालं की की काढा’ ही सूचना सर पन्नास वेळा देतात, कारण चावी तशीच राहिली तर घट दमतो आणि पोटेन्शिओमीटरवरचा शून्यबिंदू सरकत जातो. मुलं की काढत नाहीत. शून्यबिंदू सरकतो. मग मागच्या वर्षीच्या जर्नलमधला आकडा कामाला येतो, आणि घट दमलेला असूनही उत्तर दरवर्षी दोन दशांश स्थळांपर्यंत तेच येतं.

वक्र काढण्याची खरी शिस्त प्रयोगशाळेत, आणि तिचा आद्य पुरुष युलिउस टाफेल. या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९०५ साली दाखवून दिलं, की इलेक्ट्रोडवरचा जादा व्होल्टेज प्रवाहाच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा आणि त्यानंतर कितीतरी वर्षं हे मोजणं हाताने चाले: एका हाताने सरकता रोध हलवायचा, एक डोळा काट्यावर, दुसरा घड्याळावर, आणि वहीत आकडा लिहायला तिसरा हात शोधायचा. १९४२ मध्ये आर्ची हिकलिंग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने इलेक्ट्रोडचा व्होल्टेज आपोआप धरून ठेवणारं यंत्र बनवलं आणि त्याला पोटेन्शिओस्टॅट नाव दिलं. तेव्हापासून माणसाचे दोन्ही हात मोकळे झाले. ते मोकळे झालेले हात त्याने कपाळाला लावले.

कारण चाचणी आपोआप होऊ लागली तशा तिच्या अटी वाढत गेल्या. हायड्रोजनवर चालणाऱ्या पॉलिमर पडद्याच्या इंधनघटाचंच पाहा. घट साधारण ८० अंशांवर तापवायचा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन्ही वायूंना मोजून ओलावा द्यायचा, नवा घट असेल तर काही तास त्याला नुसता रुळू द्यायचा. मग संगणकाला पायऱ्या सांगायच्या: इतका प्रवाह ओढ, पाच मिनिटं थांब, शेवटच्या काही सेकंदांची सरासरी लिही, पुढच्या पायरीवर जा. वीस पायऱ्या चढायच्या म्हणजे शंभर मिनिटं, आणि उतरायच्याही असतात, कारण चढतानाची रेघ आणि उतरतानाची रेघ एकमेकींशी जुळत नाहीत. मोठ्या प्रवाहावर घट स्वतःच पाणी तयार करतो, पडदा ओला होतो आणि परतीच्या वाटेवर त्याची वागणूक बदललेली असते.

थांबायचं कशासाठी, असं नवख्याला वाटतं. आकडा तर लगेच दिसतो. पण लगेच दिसणारा आकडा नेहमीच देखणा असतो. घट दमायला वेळ लागतो. झटपट पायऱ्या चढवून काढलेला वक्र हमखास वरचा येतो आणि संशोधन-निबंधात शोभून दिसतो. नुकत्याच चार्जरवरून उतरवलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मीटर तेरा दाखवतो, तोही याच घराण्यातला. म्हणून जाणते मेकॅनिक आधी दोन मिनिटं हेडलाइट लावून ठेवतात आणि मग मोजतात. त्यांनी टाफेल वाचलेला नसतो, पण उधारीवर बॅटरी दिलेली असते.

वक्राच्या सुरुवातीलाच एक नुकसान दडलेलं आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी करणाऱ्या घटाने २५ अंशांना १.२३ व्होल्ट द्यावेत असं उष्मागतिकी सांगते. प्रत्यक्षात एक अँपिअरही न ओढता मीटरवर एक व्होल्टच्या आत-बाहेर काहीतरी दिसतं. काम सुरू होण्याआधीच जवळजवळ पंचमांश गेला. थोडा हायड्रोजन पडद्यातून पलीकडे झिरपतो, प्लॅटिनमवर नको त्या बारीकसारीक अभिक्रिया चालतात. सरकारी निधीच्या वाटेवर होतं तसंच, पण इथे निदान कारणं छापून आलेली आहेत. पुढे रेघ आधी झपकन उतरते, कारण ऑक्सिजनला अभिक्रियेसाठी राजी करणं अवघड. मग बराच वेळ सरळ तिरपी जाते. तो साध्या रोधाचा प्रांत. आणि शेवटी एकदम कडा: ऑक्सिजन पोचायच्या आत संपतो किंवा घट स्वतःच बनवलेल्या पाण्यात बुडतो. किलोभर हायड्रोजनमागे सुमारे नऊ किलो पाणी बाहेर पडतं. मे महिन्यातल्या रिठदच्या वाशिम जिल्ह्याला हा बिघाड म्हणून समजावून सांगणं कठीण आहे.

आणि हे सगळं आपोआप होत असताना शेजारच्या खुर्चीवर एक संशोधक विद्यार्थी रात्रभर बसलेला असतो. स्वयंचलित चाचणीची ही ओळखीची खूण. व्होल्टेज अमुकच्या खाली गेला तर थांब, ही ओळ प्रोग्रॅममध्ये लिहिली होती की नाही, हे त्याला रात्री दीडला आठवतं. संगणक अद्ययावत होण्यासाठी स्वतःला बंद करून घेतो, तोही नेमका सतराव्या पायरीवर. वीज गेलीच तर यूपीएस आहे. पन्नास हजारांच्या घटाची मिनिटामिनिटाला नाडी बघणाऱ्या त्या खोलीत यूपीएसमधल्या शिसे-आम्ल बॅटरीवर भार टाकून बघण्याचं मात्र कुणाच्या मनात आलेलं नसतं. तिच्यावर हिरवा दिवा लागतो, एवढं पुरतं.

बाजारात यायला इंधनघट जी चालढकल करतो, तिला मात्र घराण्याचंच कारण आहे. १८३९ मध्ये प्लॅटिनमच्या पट्ट्या, दोन वायू आणि आम्ल घेऊन हा प्रकार पहिल्यांदा चालवून दाखवणारे विल्यम ग्रोव्ह व्यवसायाने बॅरिस्टर होते, पुढे न्यायाधीशही झाले. वकिलाचं अपत्य म्हटल्यावर तारखा पडणारच. मध्ये अपोलो यानांतून त्याने चंद्रापर्यंत हजेरी लावली, पण घराघरांत येण्याचा मुद्दा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ पुढच्या तारखेवर आहे.

महाराष्ट्रात त्याची सुनावणी दोन ठिकाणी बऱ्यापैकी पुढे सरकली. एक पुण्यात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये देशी इंधनघटाच्या संचावर मोटार चालवून दाखवली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हायड्रोजनवरची बस लोकांसमोर आणली. दुसरं अंबरनाथ. लोकलच्या गर्दीसाठी आणि प्राचीन शिवमंदिरासाठी माहीत असलेल्या या गावात डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे, आणि तिथे पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचा इंधनघट विकसित झाला. दीडशे ते दोनशे अंशांवर चालणारा हा घट हायड्रोजनही पाणबुडीतच तयार करून घेतो. ८ मार्च २०२१ रोजी जमिनीवरच्या नमुना-संयंत्राची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. दीर्घकाळ टिकण्याच्या पद्धतीने आणि कमाल शक्तीच्या पद्धतीने, असं दोन्ही रीतींनी ते चालवलं गेलं. वक्राच्या भाषेत सांगायचं तर रेघेच्या निवांत भागात किती वेळ राहता येतं आणि कड्याच्या किती जवळ जाता येतं, हे दोन्ही बघितलं. डिसेंबर २०२४ मध्ये हे संयंत्र पाणबुडीत बसवण्यासाठीचा भाग बांधण्याचं काम संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉक या जहाजबांधणी कंपनीकडे सोपवलं.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर रिठदच्या तज्ज्ञ समितीला कुणाहीपेक्षा लवकर पटेल. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि १४ डिसेंबर २०१७ ला नौदलात दाखल झालेली आयएनएस कलवरी ही पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरीचे घट ३६०, प्रत्येक घटाचं वजन ७५० किलो. म्हणजे नुसत्या बॅटऱ्याच २७० टन. त्या चार्ज करायच्या तर डिझेल इंजिन चालवावं लागतं, त्याला हवा लागते, आणि हवेसाठी वर यावं लागतं. वर आलं की शत्रूला दिसतं. इंधनघट असला तर बराच काळ खालीच राहता येतं. ट्रॅक्टरवाला रात्री ट्रॅक्टर उतारावर उभा करून झोपतो, सकाळी गिअरमध्ये सोडला की काम झालं. समुद्राच्या तळाशी ही सोय नाही आणि धक्का मारायला माणसंही मिळत नाहीत.

प्रयोगशाळेतल्या आकड्यांत आणखी एक गंमत असते. वक्रावर प्रवाह तसाच न मांडता घटाच्या क्षेत्रफळाने भागून मांडतात. क्षेत्रफळ यंत्राला माहीत नसतं. ते माणसाने टाइप करायचं असतं. पंचवीस चौरस सेंटिमीटरच्या जागी चुकून पाच पडले की घट एका कळीत पाचपट कर्तबगार होतो. बाकी सगळं अचूक: तापमान दशांशापर्यंत, प्रवाह मिलिअँपिअरपर्यंत, वेळ सेकंदापर्यंत. अशी फाइल उघडणाऱ्या मार्गदर्शकांच्या चेहऱ्यावर आधी आनंद, मग संशय आणि शेवटी क्षेत्रफळ उमटतं.

यंत्राला आकडा भरवण्याचं हे सुख आता बॅटरीच्या दुकानातही पोचलं आहे. जळका वास सोडणाऱ्या लोड टेस्टरच्या जागी हातात मावणारा डिजिटल टेस्टर आला. तो बॅटरीवर मोठा भार टाकतच नाही; बारीकसा बदलता प्रवाह आत सोडतो, प्रतिसादावरून वाहकता मोजतो, आणि भार टाकला असता तर काय झालं असतं ते हिशेबाने सांगतो. वर पावतीही छापतो. फक्त सुरुवातीला तो एक प्रश्न विचारतो: बॅटरीचे कोल्ड क्रँकिंग अँपिअर किती? ते लेबलवर लिहिलेले असतात, आणि लेबल आम्लाने दोन पावसाळ्यांपूर्वीच खाल्लेलं असतं.

‘‘किती टाकू?’’ बॅटरीवाला विचारतो.

‘‘टाक ना साडेचारशे.’’

‘‘पाचशे टाकले तं बॅटरी खराब दाखवन.’’

‘‘मंग चारशेच टाक.’’

चारशे टाकले जातात. यंत्र क्षणभर विचार करतं, टुकटुक आवाज करतं आणि जीभ बाहेर काढावी तशी पावती बाहेर काढतं: व्होल्टेज १२.४१, अंतर्गत रोध अमुक मिलिओहम, आरोग्य ६७ टक्के. अंदाजाने आत गेलेला आकडा एका टक्क्याच्या अचूकतेने बाहेर आलेला असतो. ट्रॅक्टरवाला पावती दोनदा वाचतो, घडी करून खिशात ठेवतो, आणि बॅटरीवर वाकून म्हणतो, ‘‘ते सगळं बराबर हाय भाऊ. पण एकडाव ठिणगी पाहून घेतली असती तं?’’

बॅटरीवाला आधी सगळी बुचं घट्ट लावतो आणि मग त्याच्या हातातली वायर काढून घेतो.